जुन्या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा बदलायच्यात, 0.80 घेऊ की 0.90?

वाचकाचं पत्र (थोडं छोटं करून): "माझी मोटरसायकल बरीच जुनी आहे, वजन 150 किलो, पुढे साधे टेलिस्कोपिक शॉकअप. ब्रेक दाबला की पुढचं तोंड पार खाली बसतं आणि खड्ड्यात ठक्कन आवाज येतो. स्प्रिंगा काढून मोजल्या तर 392 मिमी भरल्या, मॅन्युअलमध्ये नवी 402 आणि मर्यादा 394 लिहिलीय. मेकॅनिक म्हणतो स्प्रिंगा नरम झाल्यात, जाड ऑइल टाकू, नाहीतर वर वायसर टाकून टाइट करू. मला तीन पर्याय दिसतायत, कंपनीची ओरिजनल, एक प्रोग्रेसिव्ह (दबत जाईल तशी कडक होणारी), आणि सरळ रेटच्या (शेवटपर्यंत एकसारख्या कडक) 0.80 नि 0.90 किलो प्रति मिमी. माझं वजन जॅकेट-हेल्मेट धरून 75 किलो, अधूनमधून मागे बायको असते. कडक घेतलेली बरी ना?"

नमस्कार. तुम्ही स्प्रिंगा बाहेर काढून लांबी मोजलीत ही सगळ्यात कामाची गोष्ट केलीत, कारण बरेच जण गाडी हँडलवरून दोनदा दाबून बघतात आणि थेट ऑर्डर टाकतात. आता त्या 10 मिमीचा अर्थ नीट समजून घेऊ, पुढचा सगळा निर्णय त्यावरच आहे.

स्प्रिंग जुनी झाली की नरम होते असं सगळेच म्हणतात, पण तसं होत नाही हो. स्प्रिंगचा कडकपणा ठरतो तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर, वेढ्यांच्या संख्येवर आणि स्टीलच्या गुणधर्मावर, आणि यातलं काहीच वर्षानुवर्षं वापरून म्हणण्यासारखं बदलत नाही. बदलते ती लांबी. सतत दबून दबून स्प्रिंग आखडते आणि कायमची छोटी होते, म्हणजे तुमची स्प्रिंग जेवढी कडक पहिल्या दिवशी होती तेवढीच आजही आहे, फक्त आत बसवताना जो आधीचा दाब असतो, ज्याला प्रीलोड म्हणतात, तो 10 मिमीने कमी झालाय. त्यामुळे ओरिजनल नवी आणलीत तर तुम्हाला ते 10 मिमी परत मिळतील, दुसरं काही नाही. आणि खरी अडचण अशी आहे की त्या काळच्या बऱ्याच साध्या गाड्यांच्या स्प्रिंगा मुळातच नरम असायच्या, हलका चालवणारा आणि मऊ राइड हे धरून.

आकडे घालून बघू म्हणजे हवेत बोलणं नको. तुमच्या स्प्रिंगचा रेट, म्हणजे कडकपणाचा आकडा, मला माहीत नाही, अशा गाड्यांना साधारण असतो तसा 0.5 किलो प्रति मिमी धरतो, म्हणजे एक मिमी दाबायला अर्धा किलो. शॉकअप दोन, दोन्ही शेजारी शेजारी काम करतात म्हणून रेटची बेरीज होते, दोन मिळून 1.0. तुम्ही बसल्यावर पुढच्या चाकावर साधारण 95 किलो येतात, त्यातलं चाक, टायर, ब्रेक, शॉकअपचे खालचे नळे असं 18 किलो स्प्रिंगच्या खालचं, ते वजा केलं की स्प्रिंगांवर उरले 77. गाडी एकटी उभी असेल तेव्हा हाच आकडा अंदाजे 52. शॉकअपची पूर्ण चाल 130 मिमी धरू आणि नवी असताना प्रीलोड 20 मिमी. (शॉकअपचा तिरपेपणा, आतली हवा, सीलचं घर्षण हे सगळं मी सोडून देतोय, मोघम हिशोब आहे, पण तुलना करायला पुरतो.)

नव्या ओरिजनल स्प्रिंगवर तुम्ही बसलात की शॉकअप 57 मिमी बसणार. आज प्रीलोड 10 च उरलाय म्हणून 67. म्हणजे निम्म्याहून जास्त चाल तर नुसतं बसण्यातच संपली! मग ब्रेक दाबल्यावर उरलं काय? रस्त्यावरच्या गाडीला चालवणाऱ्यासकट पुढून चालीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश बसणं योग्य मानतात, तुमच्या गाडीत 33 ते 43 च्या आसपास, आणि गाडी एकटी उभी असताना 15 ते 20 मिमी. या बसण्याला सॅग म्हणतात, आणि स्प्रिंग निवडायची ती याच दोन आकड्यांवरून.

आता मेकॅनिकचं वायसर. वायसर टाकलं की प्रीलोड वाढतो, गाडी वर उठते, आणि बघणाऱ्याला वाटतं स्प्रिंग कडक झाली. पण स्प्रिंग तीच आहे ना, पुढच्या प्रत्येक मिमीला ती अर्धाच किलो मागणार. समजा तुम्ही वायसर टाकत टाकत सॅग 30 वर आणला, त्यासाठी प्रीलोड 47 मिमी लागेल. मग गाडी एकटी उभी केली तर ती फक्त 5 मिमी बसेल, म्हणजे छोट्या उंचवट्यावरून उतरताना चाक खाली जायला जागाच नाही, शॉकअप वरच्या टोकाला जाऊन टकटक वाजणार. आणि जोरात ब्रेक मारल्यावर पुढे स्प्रिंगांवर 150 किलो आले असं धरा, तर ही वायसरवाली स्प्रिंग 103 मिमी दबेल, उरले 27. त्याच जागी 0.80 ची जोडी 20 मिमी प्रीलोडने बसवली तर तोच ब्रेक 74 मिमीवर थांबतो, 56 शिल्लक. ब्रेक मारता मारता खड्डा आला तर ते जास्तीचे 29 मिमीच तुमच्या कामाला येणार आहेत.

यातनं एक खूण लक्षात ठेवा, कुठल्याही गाडीला चालते. चालवणारा बसल्यावरचा सॅग बरोबर आणलाय पण एकटी गाडी जेमतेम बसतेय, तर स्प्रिंग नरम आहे आणि तिला जबरदस्तीने दाबून ठेवलंय. उलट बसल्यावर बरोबर आणि एकटी असतानाही भरपूर खाली, तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे. वरवर उलटं वाटतं पण तसंच असतं.

जाड ऑइलचं म्हणाल तर ऑइल फक्त हालचालीचा वेग कमी करतं, वजन उचलून धरत नाही. ब्रेक दाबून धरलात तर शॉकअप शेवटी जिथे जायचं तिथेच जातं, फक्त थोडं उशिरा. त्यात तुमच्या गाडीत साधा डॅम्पर रॉड आहे, म्हणजे ठरावीक भोकं आणि त्यातून ऑइल जाणार, तिथे वेग वाढला की विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. जाड ऑइलने हळू हालचालीला थोडा फायदा होईल पण तीक्ष्ण खड्ड्यात ऑइल भोकातून जायला वेळच मिळत नाही आणि धक्का सरळ मनगटात येतो. वर परतीची हालचालही मंद होते, म्हणजे एकामागोमाग खड्डे असले की शॉकअप परत वर यायच्या आत पुढचा खड्डा, आणि गाडी हळूहळू खाली खाली बसत जाते. तेव्हा ऑइल नंतर, आधी स्प्रिंग.

पण थांबा, त्याच्याही आधी एक काम. तो ठक्क आवाज स्प्रिंगचाच आहे याची खात्री करा. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि गाडी पुढेमागे हलवा, दुसऱ्याला हँडलच्या खाली, टाकीच्या पुढे जिथे कोन सेट, म्हणजे हँडल फिरतं ते बेअरिंग, असतो तिथे बोटं ठेवायला सांगा. तिथे खटका लागला तर कोन सेट ढिला किंवा गेलेला आहे, आणि जगातली कुठलीही स्प्रिंग तो आवाज घालवणार नाही. शॉकअपच्या पाईपवर गंज, खड्डे, ऑइलचा ओघळ आहे का ते बघा. पाईप काढलाच असेल तर सपाट काचेवर लोळवून बघा, वाकडा असेल तर खालून उजेड दिसतो. शॉकअप अडकत चालत असतील तर तुमची सगळी मापं खोटी निघतील.

सॅग मोजायची पद्धत. पाईपला एक केबल टाय घट्ट बांधायची किंवा सरळ पट्टीच धरायची. पुढचं चाक हवेत उचलून, शॉकअप पूर्ण ताणलेला असताना सीलपासून खालच्या टीच्या, म्हणजे पाईप धरणाऱ्या दोन प्लेटांपैकी खालची जी तिच्या, खालच्या कडेपर्यंत अंतर घ्या. मग चाक खाली टेकवून पूर्ण जॅकेट-हेल्मेट घालून बसा, पाय फुटरेस्टवर, मागून कोणीतरी गाडी सरळ धरलेली. मदतनीसाने पुढून गाडी दाबायची आणि हळूच सोडायची, जिथे थांबेल ते माप घ्या. मग थोडी वर उचलून हळूच सोडायची, परत माप. ही दोन मापं कधीच सारखी येत नाहीत, मधला फरक म्हणजे सील आणि बुशचं (पाईप ज्यावर घसरतो त्या कड्यांचं) घर्षण, दोन्हींची सरासरी धरायची. फरक फार मोठा आला, समजा 20 मिमीच्या वर, तर बुश घासलेत किंवा दोन शॉकअप एकमेकांना समांतर नाहीत. बऱ्याचदा नुसता अॅक्सलचा पकडीचा बोल्ट ढिला करून गाडी चार-पाच वेळा दाबली आणि मग बोल्ट आवळला तरी अडकणं सुटतं, इतकं सोपं असतं आणि इतकं कमी लोक करतात याचं मला वाईट वाटतं.

मोजलंत की मग निवडायचं. तुमच्या वजनाला आणि या गाडीला मी 0.80 घ्या म्हणेन, सरळ रेटची. 15 मिमी प्रीलोडला बसल्यावरचा सॅग 33 आणि एकट्या गाडीचा 17 च्या आसपास येतो, दोन्ही आकडे हवे तिथे. 0.90 घेतलीत तर 20 मिमी प्रीलोडला 23 आणि 9 येतात, प्रीलोड उतरवून सॅग आणता येईल पण एकंदर गाडी ताठ होईल, आणि मुख्य म्हणजे तुमच्या जुन्या डॅम्पर रॉडला एवढी कडक स्प्रिंग परत येताना आवरणार नाही, खड्डा गेला की पुढचं तोंड उसळी मारेल. कडक म्हणजे चांगली हा समज मनातून काढून टाका. जुळणारी म्हणजे चांगली. मनात दोन्हीमध्ये अडकलाच असाल तर एका शॉकअपला एक आणि दुसऱ्याला दुसरी अशी मधली सोयही होते, कारण शेवटी बेरीजच मोजायची, चाकाचा अॅक्सल दोन्हींना एकत्र धरून असतो. पण तुम्हाला त्याची गरज नाही.

प्रोग्रेसिव्हबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तिच्यात काही वेढे जवळजवळ असतात, ते आधी दबतात म्हणून सुरुवात मऊ, ते एकमेकांना टेकले की उरलेले वेढे एकटे काम करतात आणि कडकपणा वाढतो. ऐकायला छान वाटतं. पण तुमची तक्रारच सुरुवातीला पटकन खाली बसण्याची आहे, आणि शॉकअपमधली बंद हवा दबत जाते तशी ती स्वतःच शेवटाला कडकपणा वाढवत असते, म्हणजे तो गुण तुम्हाला फुकटच मिळालेला आहे. शिवाय ऑइलची भोकं एकाच कडकपणाला जुळवता येतात, बदलत्या रेटला नाही. मऊ राइडच हवी असेल आणि हळूच चालवत असाल तर प्रोग्रेसिव्ह वाईट नाही, घेणारे खूश असतात, पण ब्रेकमध्ये भरवसा पाहिजे तर सरळ रेट. आणि प्रोग्रेसिव्ह घेतलीच तर जवळचे वेढे वर की खाली यावरून रेट बदलत नाही, उलट लावली म्हणून घाबरू नका. जवळचे वेढे वर ठेवले तर जड भाग वरच्या बाजूला राहतो एवढाच काय तो फरक.

विक्रेते रेट वेगवेगळ्या एककात लिहितात, घोळ होऊ देऊ नका. 0.80 किलो प्रति मिमी म्हणजे साधारण 7.8 न्यूटन प्रति मिमी किंवा 45 पाउंड प्रति इंच. नुसतं "हेवी ड्यूटी" लिहिलंय आणि रेटच दिलेला नाही, अशी स्प्रिंग घेऊ नका.

तुमच्या मॉडेलची तयार जोडी मिळालीच नाही आणि दुसऱ्या गाडीची बसवायची वेळ आली तर व्हर्निअर घेऊन बसा. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो, त्यामुळे 4.4 मिमी आणि 4.7 मिमी या डोळ्याला सारख्याच दिसणाऱ्या तारांमध्ये, बाकी सगळं तेच असेल तर, जवळपास 30 टक्के कडकपणाचा फरक असतो. वेढे कमी तेवढी कडक, व्यास मोठा तेवढी नरम. घरी रेट काढायचा असेल तर स्प्रिंग वजनकाट्यावर उभी करून ड्रिल प्रेसने दाबा, आतून एक दांडा घातलेला पाहिजे नाहीतर ती बाजूला वाकून उडते आणि लागतं माणसाला. पहिले 20 मिमी सोडून द्यायचे, मग पुढच्या 50 मिमीला काटा किती किलोने वाढला ते बघायचं आणि 50 ने भागायचं. तुमच्या जुन्या स्प्रिंगेवर हे केलंत तर मी 0.5 धरलंय ते बरोबर की चूक तेही लगेच कळेल. आणि एकूण वेढे गुणिले तारेची जाडी ही स्प्रिंगची पूर्ण दबलेली लांबी असते. मोकळ्या लांबीतून ती वजा केल्यावर जे उरतं ते चाल अधिक प्रीलोड यापेक्षा नीट जास्त पाहिजे, नाहीतर चाल संपायच्या आधी वेढे वेढ्यांवर आपटतील. स्प्रिंग कापून कडक करणारे लोक नेमकं हेच विसरतात. वेढे कमी केले की रेट वाढतो हे खरं, पण दबायची जागाही कमी होते, आणि गॅसने कापलं तर तिथलं स्टील कायमचं बिघडतं.

बसवताना घाई नको. पुढचं चाक हवेत हवं. वरच्या टीचा पकडीचा बोल्ट आधी ढिला करा, मगच वरचं झाकण फिरवा, नाहीतर आटे जातात. झाकणाखाली दाबलेली स्प्रिंग आहे हे विसरू नका, शेवटचे दोन-तीन आटे तळहाताने जोर देत सोडवा आणि आपलं तोंड कधीही झाकणाच्या वर आणू नका. स्पेसरसाठी, म्हणजे स्प्रिंग आणि झाकणाच्या मधल्या तुकड्यासाठी, जाड भिंतीचा पाईप चालतो, फक्त दोन्ही टोकं अगदी काटकोनात कापलेली पाहिजेत आणि स्प्रिंग नि स्पेसरच्या मध्ये सपाट वायसर हवाच. लांबी काढायची तर शॉकअप पूर्ण ताणून, स्प्रिंग आणि वायसर आत टाकून, वायसरपासून पाईपच्या कडेपर्यंत मोजा, झाकण जेवढं आत जातं तेवढं वजा करा, हवा तो प्रीलोड मिळवा. आधी थोडा लांबच कापा, कमी नंतर करता येतो.

ऑइल सगळं नवं, गाळ धुऊन. मॅन्युअलमध्ये ऑइलचा जाडपणा 10W असेल तर आता 15W टाका, एकच पायरी वर, कारण थोडी कडक स्प्रिंग परत येताना तिला थोडा जास्त विरोध लागतो. पातळी मोजताना स्प्रिंग बाहेर आणि शॉकअप पूर्ण दाबलेला, पाईपच्या कडेपासून ऑइलपर्यंत अंतर. सुरुवातीला मॅन्युअलचा आकडाच ठेवा. नंतरही कधीतरी तळाला आपटलाच तर अंतर 10 मिमीने कमी करा, म्हणजे ऑइल थोडं वाढवा, हवा कमी झाल्याने शेवटची चाल ताठ होते. त्याहून जास्त भरत जाऊ नका, सीलवर दाब येतो.

एक बदल तुम्हाला पहिल्याच फेरीत जाणवेल, गाडी पुढून 30 मिमीच्या आसपास उंच झालेली असेल आणि वळताना थोडी जड वाटेल. ती स्प्रिंगची चूक नाही, इतकी वर्षं ती गाडी तोंड खाली घालून चालत होती. मागचे शॉकअपही बसलेले असतील तर हा फरक आणखी वाढतो, म्हणून मागचा सॅगही एकदा मोजाच. तरी जड वाटली तर पाईप टीमधून 5 मिमी वर सरकवा, दोन्ही बाजूला सारखे, आणि शॉकअप पूर्ण दबल्यावर टायर किंवा मडगार्ड कुठे लागत नाही ना ते आधी तपासा.

बायको मागे बसते म्हणून पुढची स्प्रिंग आणखी कडक घ्यायची गरज नाही, मागे बसणाऱ्याचं बहुतेक वजन मागच्या चाकावरच जातं, तिच्यासाठी मागच्या शॉकअपचा प्रीलोड एक-दोन खाचा वाढवा. काही शे किलोमीटर चालली की सील आणि बुश मोकळे होतात, तेव्हा पुढचा सॅग परत एकदा मोजा आणि 5 मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर स्पेसर तेवढा लहान-मोठा करा.